बटण दाबलं, निरोप गेला कुठे?

गुहागर तालुक्यात एका वाडीत पाखाडी उतरून गेलं की शेवटचं घर. जांभ्याच्या हातभर जाडीच्या भिंती, वर कौलं, मागे नारळी-पोफळीचं आगर. घरात काकी एकट्या. मुलगा-सून डोंबिवलीला, गणपती-शिमग्याला येणारे. दोन वर्षांपूर्वी मुलाने माजघरात पलंगाच्या उशाशी एक बटण लावून दिलं. आकार काडेपेटीहून जरासा मोठा, आत रिमोटला लागतात तसले दोन बारीक सेल आणि एक सिम. दाबलं की मुलाच्या आणि शेजारच्या भावोजींच्या फोनवर निरोप जातो. वाय-फाय नको, स्मार्टफोन नको, चष्मा शोधायला नको.

यंदा आषाढ ते भाद्रपद तीनदा सेल बदलून झाले. मिरवणुकीतल्या फटाक्यासारखं एकदा लाल चमकायचं आणि गप्प. मी गेलो तेव्हा काढलेले सेल कुठे ठेवलेत म्हणून विचारलं, तर काकी म्हणाल्या, "टाकतोय कशाला? टीव्हीच्या रिमोटात घातलेत. तिथे बरे चालतात रे." मल्टिमीटर लावला. दोन्ही सेल १.३५ व्होल्टच्या आसपास. म्हणजे बटणात मेलेले आणि रिमोटात धडधाकट.

हे कोडं सुटायचं तर बटणाची वंशावळ बघावी लागते. डबी एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडली असली तरी तिच्या आतली प्रत्येक गोष्ट वेगळ्या काळात, वेगळ्या कामासाठी जन्मली आहे. आणि भांडण लागतं ते या पिढ्यांमध्ये.

सर्वांत म्हातारा सेल. फ्रान्सच्या लक्लांशेने १८६६ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचा घट बनवला. पुढे १८८० च्या दशकात जर्मनीच्या गास्नरने त्यातलं सांडणारं पाणी काढून तो कोरडा केला. तार, दारावरची विजेची घंटा, मग हातातला दिवा अशी त्याची नोकरी. (आपल्याकडे अजूनही 'बॅटरी' म्हणजे तो हातातला दिवा आणि आत जातो तो 'सेल'. बॅटरी आण म्हटलं की कोकणात कुणी सेल आणणार नाही.) आजचा अल्कलाइन सेल याच घराण्यातला. त्याचा स्वभाव संथ: थोडं थोडं मागा, वर्षभर देईल. एकदम खूप मागितलं की अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच विजेला होणारा अडथळा, आडवा येतो आणि व्होल्टेज बसतं. जुना होत जातो तसा हा रोध वाढतो. रिमोट मागतो काही मिलिअँपिअर, तेही क्षणभर. म्हणून तिथे चालतं.

दुसरी पिढी मोबाईलची, आणि तिचा स्वभाव नेमका उलटा. १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये जीएसएमवरचा, म्हणजे आपण ज्याला २जी म्हणतो त्यावरचा, पहिला कॉल झाला, ३१ जुलै १९९५ ला आपल्याकडे कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. जीएसएमचा हँडसेट बोलतो तो तुकड्यातुकड्यांत: साधारण ४.६ मिलिसेकंदांच्या चौकटीत जेमतेम ०.६ मिलिसेकंद, पण ९०० मेगाहर्ट्झवर त्या तेवढ्या वेळात दोन वॉटपर्यंत जोर. टॉवर लांब असला की त्या क्षणाला सुमारे दोन अँपिअर लागतात. फोनच्या लिथियम बॅटरीला याचं काही वाटत नाही. रिमोटच्या सेलला मात्र हे म्हणजे पाणी शेंदणाऱ्या म्हाताऱ्याला नांगराला जुंपण्यासारखं.

मधल्या काळात आपल्याकडे एक उपाय रुळला होता. मिस्ड कॉल. पैसा नाही, शब्द नाही, फक्त 'वाजलं' एवढाच निरोप. बस खेड नाक्याला पोचली, एक रिंग. मोबाईलच्याच जोरावर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' बनवलं, शेतावरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करणारं यंत्र. रात्री-अपरात्री विहिरीवर जाणं वाचलं. आज 'मोबाईल स्टार्टर' हा शब्द शेतीच्या दुकानात कुणालाही कळतो. पण तिथे यंत्र पंपाच्याच विजेवर चालतं. दोन अँपिअर मागितले काय आणि चार मागितले काय.

सेलवर चालणारं, इंटरनेटला जोडलेलं एकच बटण घराघरांत न्यायचा मोठा प्रयोग ॲमेझॉनने केला. ३१ मार्च २०१५ ला 'डॅश बटण' जाहीर झालं: कपडे धुण्याची पावडर संपली, बटण दाबा, ऑर्डर गेली. दुसऱ्या दिवशी १ एप्रिल, त्यामुळे अनेकांना ती थट्टा वाटली. त्याच वर्षी प्रोग्रॅमरना हवं ते काम सांगता येईल असंही बटण त्यांनी काढलं. दोन्ही वाय-फायवर. गुहागरात वारा सुटला की वीज जाते, वीज गेली की राउटर जातो, आणि माणसाला मदत नेमकी त्याच रात्री लागते. डॅश बटण २०१९ मध्ये विकायचं बंद झालं आणि त्याच वर्षी घराघरांतली बटणंही निकामी झाली. सेल ठीक, वाय-फाय ठीक, पलीकडे ऐकणारं कुणी उरलं नाही. बंद पडण्याचं हे कारण बटण उघडून कधीच सापडत नाही, म्हणून मी आता जुनं बटण कुणी दिलं की आधी विचारतो, कंपनीचा सर्व्हर चालू आहे का.

मोबाईलच्या जाळ्याला यंत्रांसाठी झोपायला शिकवलं ते याच सुमारास. मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने आधी 'पॉवर सेव्हिंग मोड' आणला. त्यात उपकरण टॉवरला सांगतं की मी आता अमुक वेळ झोपतोय, मला शोधू नका, माझी नोंद तेवढी ठेवा. झोपेत विजेचा खर्च काही मायक्रोअँपिअर, म्हणजे नगण्य. मग जून २०१६ मध्ये त्यांच्या तेराव्या आवृत्तीत एलटीई-एम आणि एनबी-आयओटी ही ४जीच्या घरातली यंत्रांची खास जाळी आली. जोर जास्तीत जास्त ०.२ वॉट. इथे कुठे सेल आणि रेडिओ यांचं जमायला लागलं. २०१७-१८ मध्ये अमेरिकेत एटी अँड टीने आणि जपानात सोराकॉमने बारीक सेलवर चालणारी, थेट मोबाईल जाळ्यावरची बटणं आणली. काकींच्या उशाशी आहे ते याच जातीचं, फक्त स्वस्तातलं.

झोप स्वस्त झाली, पण जाग महागच राहिली, आणि ती किती महाग हे ठरतं जागेवर. एनबी-आयओटीमध्ये सिग्नल अशक्त असला की तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवायची सोय आहे, उपकरणाकडून १२८ वेळांपर्यंत. खाडीच्या अलीकडून तरवाल्याला हाक मारतो तसं: एकदा ऐकलं तर ठीक, नाहीतर घसा बसेपर्यंत. निरोप पोचतो, पण हाकांचं बिल सेलच्या नावावर. काकींचं बटण ४जीचं, आणि ४जी मिळालं नाही तर २जीवर उतरणारं. म्हणजे अडचणीच्या वेळी नेमकं त्या जुन्या दोन अँपिअरवाल्या पिढीकडे जाणारं.

फोन घेऊन घरात फिरलो. ओटीवर उणे १०१ डीबीएम, माजघरात उशाशी उणे ११७ (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, उण्यापुढचा आकडा मोठा तितका सिग्नल अशक्त). कागदावर फरक सोळाचा, प्रत्यक्षात सिग्नल सुमारे चाळीस पटींनी कमी. टॉवर वर सड्यावर आणि घर खाली घळीत. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळाभर पाणी धरून बसतो. आगरातली झावळं ओली. आणि पाणी रेडिओलहरी गिळतं. हीच वाडी मे महिन्यात बघितली तर बटण ठणठणीत दिसतं. सुट्टीत येऊन बसवून जाणाऱ्या चाकरमान्यांची फसगत होते ती इथेच.

आता कोडं जुळलं. काकी बटण दाबतात. बटण जागं होतं, ४जी शोधतं, धड सापडत नाही, २जीवर उतरतं. पूर्ण जोराने हाक मारायला जातं आणि सेलचं व्होल्टेज बसतं. आतला मेंदू बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू झाला की पहिल्यापासून शोधायला लागतो. हे चक्र रात्रभर. सकाळी सेल 'गेलेले', पण रिमोटपुरते शिल्लक. नवे सेल घातले की आठ-दहा दिवस दम राहतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की दोष सेलचाच होता. आमच्या खारट हवेत सेलच्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो, तोही रोध वाढवतोच. काकींच्या बटणातला मी काचकागदाने घासून काढला, पण एवढ्याने भागणारं नव्हतं.

'सेल काढून पुन्हा घाल' या गावठी औषधामागेही इतिहास आहे. ४जीच्या नियमांत टॉवरशी जोडणी पाच वेळा फसली की उपकरणाने थांबायचं, सहसा १२ मिनिटं. हे नियम टॉवरवर हजारो फोनांची झुंबड उडू नये म्हणून केले. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि मोबाईल कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी टॉवर परत उभा राहिला की सगळे एकदम धावतात. तिथे हा नियम शहाणपणाचा. पण बारा मिनिटं बटण दाबत बसलेल्या माणसाला ते मेलेलंच वाटणार. सेल काढले की मोजणी शून्यावर येते आणि औषध लागू पडल्यासारखं होतं.

सिमची कथा वेगळी, आणि पूर्ण आपली. साधं सिम ९० दिवस वापरात नसेल आणि खात्यात २० रुपयांहून कमी शिल्लक असेल तर ते बंद होऊ शकतं, असा दूरसंचार नियामकाचा २०१३ चा नियम. आता संकटाचं बटण म्हणजे जे दाबायची वेळ येऊ नये असं सगळ्यांना वाटतं. जितकी कृपा जास्त, तितकं सिम बंद पडायची भीती जास्त! २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने यंत्रांच्या सिमसाठी १३ आकडी क्रमांक आणि वेगळे नियम आणले. त्या सिमवरून फक्त आधी नोंदवलेल्या क्रमांकांनाच निरोप जातो. गैरवापर टळला, ते बरंच झालं. पण मुलाने नंबर बदलला आणि नोंद बदलायला विसरला, की बटण दाबलं जातं, टॉवर सापडतो, आणि निरोप दारातच अडतो. परदेशातून पाठवलेल्या बटणाचं दुखणं याहून सरळ: अमेरिकेतल्या काही फ्रिक्वेन्सी आपल्याकडे मोबाईलसाठी वापरातच नाहीत, मग सेल कितीही घाला.

आणि बटण दाबल्यावर लागतो तो हिरवा दिवा? तो कशाचा हेही बघून घ्यावं. काही बटणांत हिरवा म्हणजे टॉवरने निरोप घेतला, काहींत म्हणजे सर्व्हरवर पोचला. माणसाने वाचला, असा दिवा फार थोड्यांत. मच्छीमारांना हा फरक चांगला ठाऊक आहे. मोबाईल किनाऱ्यापासून काही मैलांत सुटतो, म्हणून इस्रोने २०१० पासून बोटींसाठी उपग्रहावरून चालणारं संकटसूचक यंत्र दिलं. त्याची पहिली आवृत्ती एकतर्फी होती: बटण दाबायचं आणि देवावर हवाला. पुढच्या आवृत्तीत 'तुमचा निरोप मिळाला' असं उत्तर येण्याची सोय केली ती यासाठीच.

काकींचं बटण मी ओटीवर, दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला हलवलं. त्यांना पटलं नव्हतं. "रात्री पडले तर ओटीपर्यंत येऊ कशी?" प्रश्न रास्त होता, म्हणून उशाशी साध्या घंटेचं बटण ठेवून त्याची तार ओटीवरच्या डबीला जोडली. लक्लांशेच्या काळातली जोडणी. सिम जिवंत राहावं म्हणून आठवड्यातून एकदा आपोआप निरोप जाण्याची सोय बटणात होती, पण काकींनी ती बंद करायला लावली. त्या रोज दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावून आल्या की स्वतः बटण दाबतात. डोंबिवलीला लोकलमध्ये उभ्या असलेल्या मुलाच्या फोनवर त्या वेळेला एक निरोप येतो. सात वाजून गेले आणि आला नाही, तर तो भावोजींना फोन करतो. गेल्या महिन्यात एकदा केला होता. काकी शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. सेल दिवाळीत घातलेले आहेत, पुढच्या पावसात बघू.