घरगुती पशुपालन आणि मांसासाठी जनावर कापणं

घरच्यापुरतं मांस मिळावं म्हणून थोड्या जागेत मोजकी जनावरं पाळायची आणि वेळ आली की घरीच कापायची, ही खूप जुनी पद्धत आहे. मोठ्या फार्मवर वाढवणारा वेगळा आणि कापणारा वेगळा असतो, इथे मात्र ज्या हातांनी महिनोन्महिने चारा टाकला तेच हात शेवटी सुरी धरतात, त्यामुळे जनावराचे हाल होऊ न देण्याची जबाबदारीही त्यांचीच. घरात लहान मुलं असतील तर कुठलं जनावर कापण्यासाठी आणलंय ते त्यांना पहिल्या दिवशीच सांगावं, मुलं समजून घेतात, नंतर कळलं तर मात्र फार दुखावतात.

सुरुवात बहुतेक जण कोंबड्या नाहीतर सशांपासून करतात, कारण जागा कमी लागते आणि पैदास पटकन होते. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत उबतं, ससा साधारण 31 दिवसांत वितो, डुकरीण 114 दिवसांच्या आसपास आणि शेळी 150 दिवसांच्या आसपास, त्यामुळे कधी कापायचं ते आधी ठरवून उलटा हिशोब मांडावा लागतो. शेळी, मेंढी, डुक्कर एकटं ठेवू नये, ही कळपातली जनावरं आहेत, एकटी पडली की ओरडत राहतात आणि खाणंही कमी करतात. औषध किंवा जंतनाशक दिलं असेल तर त्याच्या लेबलवर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत कापायचं नाही म्हणजे नाही.

मांस कसं होणार हे बरंचसं शेवटच्या दिवशी ठरतं. साधारण 12 तास आधी खाणं बंद करतात, पाणी मात्र चालू ठेवतात, म्हणजे आतडी रिकामी राहतात आणि साफ करताना घाण मांसाला लागत नाही. जनावर पळवून पळवून, घाबरवून धरलं तर स्नायूंमधलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आधीच संपतं, मग कापल्यावर पुरेसं लॅक्टिक ॲसिड तयार होत नाही, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण 5.6 पर्यंत उतरायला हवा तो वरच राहतो आणि मांस काळपट, चिकट होतं, लवकर खराबही होतं. म्हणजे जनावराशी मायेने वागणं आणि चांगलं मांस मिळणं हे इथे एकच काम आहे, आणि ते घरी जितकं नीट जमू शकतं तितकं मोठ्या कत्तलखान्यात जमणं अवघड.

कापताना आधी बेशुद्ध करून किंवा थेट, खूप धारदार सुरीने गळ्याच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या एकाच वारात कापतात. बोथट सुरी म्हणजे निव्वळ क्रूरपणा. पुढचं काम सुरू करण्याआधी डोळ्याला हलकंच बोट लावून बघायचं, पापणी हलली तर थांबायचं. पहिल्यांदा करणाऱ्याने जाणत्या माणसाशिवाय हे करूच नये.

कोंबडी 60 ते 65 अंश गरम पाण्यात मिनिटभर बुडवली की पिसं सहज निघतात, पाणी जास्त तापलं तर कातडी फाटते. शेळी-बोकड टांगून सोलतात. पोट उघडताना सुरीचं टोक आत न जाऊ देता कातडी वर उचलून चिरायची, आतड्याचं टोक बांधून घ्यायचं आणि पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर आजूबाजूचं सगळं कडू होतं.

काळीज आणि फुप्फुसं नीट बघावीत. पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या तर तो भाग कुत्र्याला अजिबात टाकू नये, त्यातला फीतकृमी कुत्र्यामार्फत माणसापर्यंत येतो. आणि जनावर अचानक मेलं असेल, नाकातोंडातून न गोठलेलं रक्त येत असेल, तर ते उघडायचंच नाही, अँथ्रॅक्स हा माणसालाही होणारा जीवघेणा रोग असू शकतो, सरळ पशुवैद्याला बोलवायचं.

शेळी-मेंढीचं मांस कापल्या कापल्या फ्रीझरमध्ये टाकलं तर स्नायू आखडतात आणि ते वातड होतं, आधी हळूहळू थंड करून मग 4 अंशांच्या आसपास एक-दोन दिवस ठेवलं तर मऊ पडतं. कोंबडीचं उलटं आहे, ती लगेच थंड करायची आणि ताठरपणा जाईपर्यंत काही तास थांबून मगच शिजवायची. कातडं ठेवायचं असेल तर त्याच दिवशी भरपूर मीठ चोळावं, कोथळ्यातला चारा खतात जातो. बऱ्याच देशांत घरी खायला कापण्याचे नियम सैल असतात, पण तेच मांस विकायचं म्हटलं की सरकारी तपासणी लागते.