गोष्टीचा तास

बालवाडी, अंगणवाडी आणि शिशुवर्गातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताईंनी पुस्तक हातात न धरता तोंडी गोष्ट सांगण्याचा वेळ. नाव ‘तास’ असले तरी गोष्ट जेमतेम दहा मिनिटांची; बाकीचा वेळ मुलांना गोल बसवण्यात आणि ‘ताई, परत!’ म्हटल्यावर तीच गोष्ट पुन्हा सांगण्यात जातो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ एवढ्यापुरते सुटते.

ठाणे जिल्ह्याचा या कामाशी जुना संबंध आहे. गुजरातेत बालशिक्षणाचे काम करणारे गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचार तिथला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (ही दोन्ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.)

चिऊकाऊची गोष्ट अजूनही सर्वांत जास्त चालते. नवी मुंबईतल्या घणसोली-कोपरखैरणेच्या वर्गात माथाडी वसाहतीतली, गावठाणातली आगरी आणि घरी हिंदी बोलणारी मुले शेजारी बसतात. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ ही ओळ इतक्यांदा येते की मराठी नसलेले मूलही दुसऱ्या दिवशी ती ठसक्यात म्हणते. मुरलेली ताई ‘थांब, माझ्या बाळाला...’ एवढेच म्हणून थांबते. न्हाऊ घालते, अंगडे घालते, तीट लावते, हे मुले पुरवतात. घाईत कुणी न्हाण्याआधीच तीट लावले, तर बाकीची त्याला तिथेच अडवतात.

शेणामेणाचे मात्र अडते. काही ताई घरे बदलून पत्र्याचे आणि सिमेंटचे करतात. त्यात गोष्टीची गंमत जाते. त्यापेक्षा परातीत पाणी घेऊन एक मातीचे ढेकूळ आणि एक मेणबत्तीचा तुकडा टाकावा. ढेकूळ विरघळताना वर्ग चिडीचूप होतो. जुलैत घरात पाणी शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेवढेही लागत नाही.

काऊला आत घ्यावे की नाही, यावर शेवटी दोन तट पडतात. नेमके तेव्हा ‘मग यातून काय शिकलो?’ असे विचारले जाते, आणि मुले आपणहून पुन्हा हाताची घडी घालतात.