आईबाप, मूल आणि पाहणारा : सार्वजनिक जागेतील निरीक्षणाची पार्श्वभूमी

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हा होम मैदानावर आईबाप आणि लहान मुले यांच्यातील एरवी घरात राहणारा व्यवहार उघड्यावर येतो: पाळण्यासाठी धरलेला हट्ट, बापाच्या खांद्यावरून विचारलेले प्रश्न, आईची दटावणी. या व्यवहाराच्या अभ्यासाची सुरुवात मात्र घरातच झाली. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाविषयी टिपणे ठेवली आणि ती १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील २६ कुटुंबांत वारंवार जाऊन आई व तान्हे मूल यांचे नाते पाहिले. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी कोसबाड या आदिवासी भागात, मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या पाड्यावर नेली. मूल जिथे आहे तिथेच त्याला समजून घ्यावे, ही दृष्टी त्यात होती आणि मला ती आजही सर्वांत मोलाची वाटते.

अनोळखी कुटुंबांना सार्वजनिक जागी पाहण्याचे एक ठळक उदाहरण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोस्टनमधील संशोधकांनी खाद्यगृहांत मुलांसोबत आलेल्या ५५ प्रौढांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ४० जणांनी जेवताना मोबाईल वापरला.

हीच पद्धत सोलापुरात जशीच्या तशी वापरली, तर चूक होण्याचा धोका आहे. कारखान्यांत पाळणाघराची तरतूद १९४८ च्या कायद्याने केली. पण येथील असंख्य विडी कामगार स्त्रिया घरीच, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात आणि मूल शेजारी वाढते. अशा आईची नजर पानावर असते, तरी कान मुलाकडे असतो व बोलणेही चालू राहते. डोळ्याला डोळा भिडला की नाही, एवढेच मोजणारा निरीक्षक तिला बेफिकीर ठरवील, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.

शिवाय या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते. तेलुगू न कळणाऱ्याला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर ऐकू येतो तो केवळ चढा सूर. पाण्याच्या कडेला गेलेल्या लेकराला आईने मारलेली ती हाक रागाची आहे की काळजीची, हे त्याच्या टिपणात उतरत नाही.