'विल्हेल्मुस': ज्याच्या कवीचा पत्ता लागत नाही असं राष्ट्रगीत

नेदरलँडचा संघ मैदानात रांगेत उभा राहतो, 'विल्हेल्मुस' सुरू होतं आणि पहिल्याच कडव्याच्या अखेरीस खेळाडू गातात: 'स्पेनच्या राजाचा मी सदैव मान राखला.' ज्या देशाने स्पेनच्या त्याच राजघराण्याशी १५६८ ते १६४८ अशी ऐंशी वर्षं झुंज देऊन स्वातंत्र्य मिळवलं, त्याच्या राष्ट्रगीतात ही ओळ कशी? ती समजून घ्यायची तर गाणं कुणी आणि कोणत्या प्रसंगी लिहिलं, इथून सुरुवात करावी लागते. प्रसंग बऱ्यापैकी ठरवता येतो. 'कुणी' हा प्रश्न मात्र साडेचारशे वर्षं तसाच आहे.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५६७ मध्ये आपल्या ताब्यातल्या नेदरलँडमधल्या बंडखोर प्रजेला वठणीवर आणायला आल्बाच्या ड्यूकला फौज देऊन पाठवलं. त्याने खास न्यायालय बसवलं, लोक त्याला 'रक्ताचं न्यायालय' म्हणू लागले. ५ जून १५६८ रोजी एग्मंट आणि होर्न या दोन मातब्बर सरदारांचा ब्रसेल्सच्या भर चौकात शिरच्छेद झाला. बंडाचा नेता, ऑरेंजचा राजपुत्र विल्यम (गाण्यातला 'विल्हेल्मुस' तो हाच) आधीच जर्मनीतल्या आपल्या वडिलोपार्जित मुलखात गेला होता, म्हणून वाचला. तिथे त्याने सैन्य उभारलं. मे महिन्यात हायलिगर्लेच्या लढाईत त्याचा भाऊ आडोल्फ पडला. ऑक्टोबरमध्ये तो स्वतः मास नदी ओलांडून आला, पण आल्बा समोरासमोर लढाई देईना. पैसे संपले आणि फौज पांगली.

गाण्यात आडोल्फचं मरण आहे, मास नदीकाठच्या मास्ट्रिख्ट शहराजवळ शत्रूने लढाई टाळल्याचं शल्यही आहे. म्हणजे १५६८ च्या शरद ऋतूआधी ते पूर्ण झालेलं असणं शक्य नाही. एप्रिल १५७२ मध्ये बंडखोरांनी ब्रिल शहर घेतलं आणि पारडं फिरलं, त्या विजयाचा मात्र गाण्यात मागमूस नाही. १५७३ सालचा छापील जर्मन अनुवाद आज उपलब्ध आहे. तेव्हा हे पराभवाच्या काळातलं गाणं आहे, हरलेल्या माणसाने आपल्या लोकांना धीर देण्यासाठी म्हटलेलं, असं मानायला भक्कम आधार आहे.

गाणं पंधरा कडव्यांचं आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत विल्यमच बोलतो. प्रत्येक कडव्याचं पहिलं अक्षर घेऊन क्रमाने लावलं की 'विलेम फान नासाउ' हे त्याचं नाव तयार होतं. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' येतं आणि कवीची ओळख पटते. अर्थात नाममुद्रा असूनही 'नामा' नेमका कोणता, हा वाद आपल्या अभ्यासकांना चुकलेला नाही. इथे तर अक्षरांत गुंफलेलं नाव नायकाचं आहे, कवीने स्वतःची खूण कुठेच ठेवलेली नाही. ज्या वर्षी सरदारांची डोकी उडत होती, त्या काळात असं गाणं स्वतःच्या नावाने फिरवणं म्हणजे गळ्यात फास अडकवून घेणं होतं. त्यामुळे हे नाव काळाच्या ओघात हरवलं असं म्हणण्यापेक्षा ते मुद्दाम लपवलं गेलं असावं, असं मला वाटतं.

चाल तर चक्क विरोधी गोटातून आली. १५६८ च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांचा सेनापती कोंदे याने शार्त्र शहराला वेढा घातला आणि तो फसला. त्याची टिंगल करणारं गाणं कॅथलिकांनी रचलं होतं. त्याच चालीवर काही वर्षांत प्रॉटेस्टंट बंडखोरांचं गाणं बसलं. आज ऐकू येणारी चाल १६२६ मध्ये छापलेल्या आद्रियान वालेरियस यांच्या संग्रहातल्या रूपावर आधारलेली आहे. १७६६ मध्ये हॉलंडच्या दौऱ्यावर असलेल्या दहा वर्षांच्या मोत्झार्टने याच चालीवर पियानोसाठी सात रूपांतरं लिहिली.

कवी म्हणून सर्वाधिक काळ नाव घेतलं गेलं ते मार्निक्स यांचं. ते विल्यमच्या विश्वासातले, मुत्सद्दी आणि लेखक. पण त्यांनी स्वतः या गाण्यावर कधी हक्क सांगितला नाही, आणि त्यांच्या घोटीव रचनेपुढे 'विल्हेल्मुस' ओबडधोबड वाटतं. दुसरं नाव त्या काळातले लेखक कोर्नहेर्ट यांचं, तेही नुसत्या तर्कावर. मग २०१६ मध्ये डच आणि बेल्जियन अभ्यासकांनी त्या काळातल्या अनेक कवींच्या शब्दवापराच्या सवयी संगणकावर ताडून पाहिल्या. कौल गेला पीटर दातेन यांच्याकडे. त्यांचं नाव उमेदवार म्हणून नव्हे, केवळ तुलनेसाठी यादीत घातलेलं होतं! दातेन हे १५६६ मध्ये उघड्या माळावर हजारोंपुढे प्रवचनं करणारे कॅल्विनपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंटांमधल्या एका पंथाचे, धर्मोपदेशक. त्यांची स्तोत्रं डच चर्चमध्ये १७७३ पर्यंत गायली जात होती. पुढे कॅथलिकांना सवलती देण्यावरून त्यांचं विल्यमशी कडाक्याचं भांडण झालं. शैलीचं साम्य म्हणजे काही हस्ताक्षरातला पुरावा नव्हे, अभ्यासकांचाही तसा दावा नाही. पण नेत्याशी बिनसलेल्या माणसाचं नाव पुढच्या पिढ्यांनी त्याच्या गौरवगीताशी जोडलं नसेल, तर त्यात आश्चर्य कसलं?

अधिकृत राष्ट्रगीताचा मान या गाण्याला फार उशिरा मिळाला. १९ व्या शतकात तो मान कवी तोलेन्स यांच्या गीताला होता. त्यात 'परक्या डागांपासून मुक्त' अशा डच रक्ताचा गौरव होता. 'विल्हेल्मुस' १० मे १९३२ रोजी राष्ट्रगीत झालं. बरोबर आठ वर्षांनी, १० मे १९४० ला, जर्मन फौजा देशात घुसल्या. व्यापलेल्या देशात ते गाण्यावर बंदी आली आणि लोक ते चोरून गाऊ लागले.

आता ती स्पेनच्या राजाची ओळ. समारंभात पहिलं कडवं गातात, फार तर जोडीला सहावं. पंधरावं क्वचितच कुणाच्या कानावर पडतं. त्यात विल्यम देवाला साक्षी ठेवून सांगतो, की राजाचा अवमान मी कधीच केला नाही, पण सर्वांत थोर सत्ता देवाची आहे आणि न्यायासाठी मला तिचीच आज्ञा पाळावी लागली.