माथेफिरू किती?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री दुचाक्या जळाल्या, की सकाळच्या बातमीत ‘माथेफिरू’ हा शब्द हमखास असतो. चार दिवसांनी आरोपी सापडतो तेव्हा आतल्या पानावर कळतं, की जुनं भांडण होतं आणि गडी प्यायलेला होता.

खरं आगीचं वेड म्हणजे ‘पायरोमेनिया’. हा शब्द 1833 सालचा, मार्क नावाच्या फ्रेंच डॉक्टरांचा. आजची व्याख्या मात्र भलतीच कडक आहे. आग एकाहून अधिक वेळा मुद्दाम लावलेली हवी, आधी मनावर ताण, नंतर सुटल्यासारखं वाटणं, आणि आगीचंच आकर्षण. सूड, विम्याचे पैसे, पुरावा नष्ट करणं, नशा, भ्रम यांतलं काही निघालं की निदान बाद. फिनलंडमध्ये वारंवार आगी लावणाऱ्या 90 पुरुषांच्या नोंदी या चाळणीतून काढल्या. 2005 साली निष्कर्ष छापून आला. चाळणीत उरले तिघे!

मग बाकीचे? त्यांच्या मनाचं गणित मला फार विलक्षण वाटतं. आग लावायला ना अंगात ताकद लागते, ना कोणाच्या तोंडावर बोलायची धमक. ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, त्याच्या एका काडीवर गल्ली गोळा होते, बंब येतो. आतली घुसमट त्या क्षणी उतरते. ज्या कृतीने त्रास थांबतो ती कृती मेंदू पक्की करतो. याला ‘ऋण प्रबलन’ म्हणतात. (शिक्षेशी याची गल्लत नको. डोकं दुखलं की लगेच गोळी शोधतो, तो हाच प्रकार.) कोर्टाची शिक्षा वर्षांनी येते, सुटका मिनिटांत. त्यात मनाचे ब्रेकही सैल असू शकतात. 1987 मध्ये फिनलंडमध्येच आगी लावणाऱ्यांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या विघटनातून उरणारं ‘5-एचआयएए’ कमी आढळलं. उतावळेपणाशी त्याचा संबंध जोडला जातो. एवढ्यावरून ‘आग लावण्याचं रसायन सापडलं’ असं कुणी सांगितलं, तर सोडून द्या.

आपल्याकडे बंद कपाटातले कपडे आपोआप पेटतात, त्याला भानामती म्हणतात. देवऋषी येतो, लिंबू-नारळाचे पैसे घेऊन जातो, कपडे पेटतच राहतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते मात्र घरातल्या एकेकाशी वेगळं बसून बोलतात. काडी ओढणारा हात बहुधा घरातलाच निघतो, घुसमटलेल्या सुनेचा नाहीतर शाळकरी पोराचा. ते नाव कार्यकर्ते चारचौघांत सांगत नाहीत.