दिरांगचं मूठभर मीठ: एका आठवणीमागचा इतिहास

आमचे काका इंदूरला रामबागेत राहतात. महूच्या सिग्नल स्कूलमध्ये कोर्स करून १९६२ साली ते वायरलेस ऑपरेटर म्हणून नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, दिरांगला गेले. लढाईवर ते फारसं बोलत नाहीत. पण तिथल्या मोनपा जमातीतल्या आजीचा विषय काढा, लगेच खुलतात. ड्यूटी संपली की तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचे. लांबट लाकडी नळकांड्यात ती चहा, लोणी आणि मीठ घुसळायची. "आपण ताक करतो ना, अगदी तसं," काका सांगतात. एकदा त्यांनी रेशनमधलं मूठभर मीठ नेऊन दिलं. तिने चिमूटभर जिभेवर ठेवलं, उरलेलं फडक्यात घट्ट बांधलं आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरून बसली. मिठाचं एवढं काय, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

मोनपांचं मीठ पिढ्यानपिढ्या तिबेटमधून येई. खालून तांदूळ, मिरची वर जायची. वरून मीठ, लोकर खाली यायची. १९१४ साली भारत आणि तिबेट यांच्यामधली सीमा म्हणून मॅकमहोन रेषा आखली गेली, तरी तवांगमध्ये तिबेटी अधिकारीच कर गोळा करत राहिले. सेला खिंडीच्या अलीकडे, दिरांगला, इंग्रजांनी १९४४ मध्ये आसाम रायफल्सची चौकी बसवली. तवांगला मात्र भारतीय प्रशासन पोचलं ते फेब्रुवारी १९५१ मध्ये, मेजर बॉब खाथिंग यांच्याबरोबर. त्यांनी धाक न दाखवता लोकांना आपलंसं केलं. जवानांना घरात चुलीपाशी जागा मिळाली, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

मग १९५९ आलं. ल्हासात उठाव झाला, ३१ मार्चला दलाई लामा याच मुलखातून भारतात आले, आणि त्यानंतर सीमेवरची मिठाची वाट आटत गेली. आजीने फडक्यात बांधलं ते हेच दुर्मिळ झालेलं मीठ.

१९६२ च्या २० ऑक्टोबरला सीमेवरच्या नामका चू नदीवर चीनचा हल्ला झाला, चार-पाच दिवसांत तवांग गेलं. १७ नोव्हेंबरच्या रात्री सेला सोडली गेली आणि दिरांगही रिकामं झालं. काका डोंगरातून चालत आसामात उतरले. आजीचा निरोप घ्यायला वेळच मिळाला नाही.

मार्च २०२४ मध्ये सेला बोगद्याचं उद्घाटन टीव्हीवर दाखवत होते. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "दिरांग दाखवतायत का रे?"