धर्मग्रंथ आणि सहिष्णुता : इस्लाम व ख्रिस्ती धर्म

कुराण आणि बायबल या ग्रंथांत परधर्मीयांविषयी काय सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ लावून त्या त्या समाजांनी शेजारच्या धर्माशी कसा व्यवहार ठेवला, याचा विचार या विषयात होतो. मोकळी वचने दोन्ही ग्रंथांत आहेत, कडक वचनेही आहेत. कोणत्या वचनाच्या उजेडात कोणते वाचायचे, यावरच शतकानुशतके भांडण चालत आले आहे. ठाणे आणि आसपासच्या मुलखात या भांडणाचे आणि त्याच्या निवाड्याचेही जुने दाखले सापडतात.

‘सहिष्णुता’ या शब्दात ‘सह्’, म्हणजे सोसणे, हा धातू आहे. लॅटिनमधल्या शब्दाचाही अर्थ तोच. अरबीतला ‘तसामुह’ मात्र उदारपणा, मोकळीक देणे अशा अर्थाच्या धातूवरून आला आहे. शेजाऱ्याला सोसणे आणि त्याला मोकळीक देणे यांत बरेच अंतर आहे; पुढच्या इतिहासात दोन्ही तऱ्हा दिसतात.

कुराणातील ‘धर्माच्या बाबतीत बळजबरी नाही’ (२:२५६) हे वचन सर्वांत जास्त उद्धृत होते, पण त्यामागची कथा क्वचितच सांगितली जाते. परंपरेनुसार मदीनेतील काही अरब कुटुंबांची मुले ज्यू घरांत वाढली होती आणि ज्यूच झाली होती. बनू नझीर या ज्यू टोळीला शहर सोडावे लागले, तेव्हा आईबापांना ही मुले ठेवून घेऊन मुसलमान करायची होती. त्या प्रसंगी हे वचन उतरले. म्हणजे प्रश्न मुळात घरातलाच होता. ‘तुम्ही एकमेकांना ओळखावे म्हणून तुमची राष्ट्रे व टोळ्या केल्या’ (४९:१३) आणि मठ, चर्च, सिनेगॉग व मशिदी यांचा एकत्र उल्लेख करणारे वचन (२२:४०) हेही याच बाजूचे. त्यांच्यासमोर नवव्या सूरेतील (अध्यायातील) युद्धाची आणि जिझियाची, म्हणजे मुसलमान नसलेल्यांवरील कराची, वचने (९:५, ९:२९) उभी राहतात. काही जुन्या भाष्यकारांनी ‘नस्ख’ या तत्त्वाने, म्हणजे नंतरच्या वचनाने आधीचे रद्द होते असे मानून, मोकळी वचने बाद ठरवली. इतरांनी युद्धाची वचने करार मोडणाऱ्या विशिष्ट टोळ्यांपुरती धरली. व्यवहारात ज्यू व ख्रिस्ती हे ‘अहले किताब’, म्हणजे ग्रंथधारक, म्हणून संरक्षित राहिले. त्यांना कर भरून आपला धर्म पाळता येई, पण बरोबरीचा दर्जा नव्हता.

ख्रिस्ती परंपरेतही अशीच ओढाताण आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात (लूक १०) वाटेत जखमी पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवेकरी) ओलांडून जातात, आणि ज्यांचा ज्यूंना तिटकारा त्या शोमरोन्यांतला एक जण त्याला उचलतो. निदणाच्या, म्हणजे पिकातल्या तणाच्या, दृष्टांतात (मत्तय १३) मालक गडीमाणसांना सांगतो, निदण उपटताना गहूही उपटला जाईल, दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्या. खुरपणी केलेल्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. पाखंड्यांना मारू नये असे म्हणणारे याच दृष्टांताचा आधार घेत. १५५३ मध्ये जिनिव्हात मिगेल सर्व्हेटस या विद्वानाला पाखंडी ठरवून जाळले, त्यानंतर सेबास्टियन कास्टेलिओ या प्रॉटेस्टंट विद्वानाने धर्ममतासाठी माणसे मारण्याविरुद्ध लेखणी उचलली. उलट, मेजवानीच्या दृष्टांतातील ‘लोकांना आत येण्यास भाग पाड’ (लूक १४:२३) हे शब्द उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी दोनातपंथीयांवरील, म्हणजे तिथल्या फुटीर ख्रिस्ती पंथावरील, सक्तीच्या समर्थनासाठी वापरले. जेवायला बोलावण्याच्या गोष्टीतून सक्तीचा नियम निघावा, हे नवलच.

कॅथलिक चर्चने अधिकृत वळण घेतले ते १९६५ साली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबरच्या घोषणेत ख्रिस्तेतर धर्मांतील सत्य व पवित्र ते नाकारत नसल्याचे म्हटले, आणि ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुले पत्र लिहिले. त्याचा पाया कुराणातील ‘आपल्या दोघांत समान असलेल्या वचनाकडे या’ (३:६४) हे वाक्य होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोतील अल-अझहर या विद्यापीठाचे इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या.

ठाण्याचा एक जुना दाखला एप्रिल १३२१ चा. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक संन्यासी) ठाण्यात उतरले आणि तिथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती घरात राहिले. यजमानाने बायकोला मारहाण केली, ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांची नावे सांगितली. साक्ष बाजूला राहिली आणि धर्मावर वाद पेटला. पैगंबरांविषयी विचारल्यावर तोलेन्तिनोच्या थॉमसने निंदेचे उत्तर दिले. थॉमस, जेम्स, पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस असे चौघे मारले गेले. पुढे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तांतात स्थानिक मलिक (सुलतानाचा अधिकारी) त्यांना सोडून देण्याच्या विचारात होता, काझीने आग्रह धरला, आणि नंतर दिल्लीच्या सुलतानाने मलिकालाच शिक्षा केली, असे आहे. वृत्तांत एका बाजूचा आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरी त्यातूनही एकाच धर्माची तीन माणसे, मलिक, काझी आणि सुलतान, तीन वेगळ्या भूमिका घेताना दिसतात.

सोळाव्या शतकात ठाणे ज्यावर वसले आहे ते साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेले. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले. गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत रचले आणि १६१६ मध्ये रायतूरला छापवले. त्यात स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटले आहे. (हे घडले गोव्यातल्या साष्टीत. दोन्ही ठिकाणांचे नाव सहासष्ट गावांवरून पडल्याने नेहमी गल्लत होते.) मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले तरी इथले मराठी बोलणारे कॅथलिक, म्हणजे आजचे ईस्ट इंडियन, आपल्या गावठाणांत टिकून राहिले. ठाण्यात १८७९ चे बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचे, सिनेगॉगही आहे. तेव्हा ‘अहले किताब’मधले दोन्ही समाज आणि मुसलमान असे तिघेही या शहरात शेजारी आहेत, आणि तिघांच्याही घरांतून मराठी ऐकू येते.

कल्याणजवळचा मलंगगड या तिन्ही धर्मांच्या कोणत्याच ग्रंथात बसत नाही. हाजी अब्दुल रहमान ऊर्फ हाजी मलंग यांचा हा दर्गा. नाथपंथी परंपरा हीच मच्छिंद्रनाथांची समाधी मानते. वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. माघी पौर्णिमेला कोणी पालखी म्हणते, कोणी उरूस. वहिवाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९५४ च्या निकालात या संमिश्र स्थळाला हिंदू किंवा मुस्लिम कायदा लागू करता येणार नाही, त्याच्या स्वतःच्या रूढी आणि विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदा लागू होईल, असे म्हटले गेले. १९८० च्या दशकापासून गडाच्या मालकीवरून आंदोलने झाली आहेत, आणि माघीला अनेकदा पोलीस बंदोबस्त असतो. चढणीवर चादर, फुले आणि नारळ नेणारे भाविक मात्र पूर्वीसारखेच दोन्हीकडचे असतात.